काठी कोणत्या हातात

आमच्या लेकीने तोंडी परीक्षेत पेशंटची काठी डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली आणि ती नापास झाली. पेशंट खरा नव्हता, काठीही नव्हती. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती आणि प्रश्न साधा होता: उजवा खुबा दुखत असेल तर चालताना काठी कोणत्या हातात धरायची? ती म्हणाली, डाव्या. ते बरोबर होतं. दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी हवी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. पण समोरच्या सरांच्या कपाळाला आठी पडली आणि ती घाईघाईने म्हणाली, "सॉरी सर, उजव्या."

हे तिने स्वतः सांगितलं नाही. ती दोन दिवस पांघरुणात तोंड घालून पडली होती. सांगितलं तिच्या मैत्रिणीने. उंचीमुळे वर्गात तिला सगळे लंबू म्हणतात. तिचा नंबर पुढचा होता, म्हणून ती त्याच खोलीत कोपऱ्यात बसली होती.

"काकू, बाहेरून आलेले ते परीक्षक आहेत ना, त्यांना आम्ही एरंडेल सर म्हणतो," लंबू म्हणाली. "कुणीतरी आत्ताच चमचाभर पाजलंय असं त्यांचं तोंड असतं. बरोबर सांगा, चूक सांगा, 'सर, मागे आग लागलीय' सांगा, तोंड तेच! आणि ही बाई त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तरं बदलत बसली. चार उत्तरं बरोबर होती काकू. चारही मोडली."

मी लंबूला चहा दिला आणि स्वतः खुर्चीत बसले. कॉलेजने दीड महिन्याने फेरपरीक्षा ठेवली होती. त्यात गेली तर वर्ष जाणार. इतरांचं वर्षच जातं. आमच्या मुलीचं एक वर्ष आधीच आजारपणात गेलं होतं, आणि दुसऱ्यांदा वर्ष अडलं की कॉलेज नाव कमी करतं. म्हणजे या एका तोंडी परीक्षेवर तिचं सगळं शिक्षण टांगलेलं होतं.

तिला आम्ही घरात टकमक म्हणतो. जन्मल्या जन्मल्या तिने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं, की तिचे बाबा म्हणाले, "ही काय टकमक बघतेय, चौकशीला आल्यासारखी!" नाव तेच पडलं. चालायला शिकताना ती जमिनीकडे बघायचीच नाही. पडली की आधी माझ्याकडे बघायची. मी "अगं बाई!" केलं की भोकाड, मी हसले की उठून पुढे. सगळीच मुलं असं करतात, असं म्हणतात. ही जरा जास्त दिवस करत राहिली. दुकानदाराने गोळी हवी का विचारलं की मला काही विचारायची नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि त्याला सांगायची, "नको."

आमचा अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायचा. ती टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, पुस्तक माझ्या मांडीवर. मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी आलं, की तो एक तास मला फार आवडायचा. मी विचारायचे, ती सांगायची. अडखळली तरी सावरायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "घरी छान तयारी असते हो हिची, परीक्षेत कुठे जाते कोण जाणे." आम्ही म्हणायचो, घाबरते. घाबरट आईची घाबरट मुलगी, त्यात नवल काय! कॉलेजात गेल्यावर विषय बदलले, पुस्तकं जाड झाली, टेबल तेच राहिलं. अवयवांची नावं उच्चारताना माझी जीभ वळायची नाही, तरी मी विचारत राहिले.

नापास झाल्यावर मी काय केलं, तर होतं तेच दुप्पट केलं. पहाटे उठवायचं, कामावर जाण्याआधी एकदा विचारायचं, आल्यावर परत विचारायचं. ती दिवसभर पुस्तकासमोर बसलेली. ओळींवर पिवळ्या रेघा मारून मारून पानं पिवळी झाली होती. आणि संध्याकाळी ती मला सगळं, अगदी सगळं बरोबर सांगायची. मला कळेना, घोडं पेंड खातंय कुठे? रात्री पाठ टेकली तरी मी तेच तेच बोलत राहायचे. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. त्यांना कशाची घाई नाही.

"अगं, लिफ्ट अडकली की आतला माणूस ओरडतो," ते म्हणाले. "बाहेरचाही ओरडायला लागला तर दार कोणी उघडायचं?"

"तुमची लिफ्ट सोडा हो," मी म्हटलं. "तिचं नाव कमी झालं तर काय करणार आहात?"

ते कुशीवर वळले. यालाच काही लोक शांत स्वभाव म्हणतात.

मग एका रविवारी दुपारी टकमक म्हणाली, "आई, केसांची टोकं कापून दे. फाटलीत सगळी." मागच्या गॅलरीत तिला स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि पाठीमागे उभी राहिले. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात ओले केस, कंगवा दातात. वेळ वाया घालवायला माझा जीव तयार नव्हता, म्हणून कंगवा दातात धरण्याआधी एक प्रश्न टाकला.

"पायात दुखणं असेल, तर जिना चढताना आधी कोणता पाय टाकायचा?"

ती मान वळवायला लागली. मी डोकं धरून सरळ केलं. "हलू नकोस, कान जाईल."

"चांगला," ती म्हणाली.

मी बटा सारख्या करत होते. काही बोलले नाही.

"की दुखरा?" ती म्हणाली. "आई?"

"हं," मी म्हटलं. कंगवा दातात असताना एवढंच निघतं.

"दुखराच. नाही, थांब. चढताना ना? चढताना... आई, 'हं' म्हणजे बरोबर की चूक?"

मी कंगवा काढला. "अगं, कालच तर सांगितलंस मला! चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी. फाडफाड सांगितलंस!"

ती स्टुलावर तशीच बसून राहिली. अर्धे केस कापलेले, अर्धे लांब. मग म्हणाली, "दुसरं विचार. मी मागे बघणार नाही. आणि तू बरोबर-चूक काही म्हणू नकोस."

मी विचारलं. आदल्या दिवशी तिने न अडखळता सांगितलेलेच प्रश्न. एकदाही ती एका उत्तरावर थांबली नाही. बरोबर सांगायची, मी गप्प राहिले की सोडून द्यायची, दुसरं धरायची, तेही सोडायची. मनगट लुळं पडतं तेव्हा कोणती नस दुखावलेली असते, हे तिने तीनदा बदललं. पाठमोरी असूनही तिचे खांदे वर चढत चाललेले मला दिसत होते.

"आई, मला येत नाही गं," ती अगदी हळू बोलली. "तुला येतं. तुझ्या मांडीवर पुस्तक असतं. मी चुकीचं बोलायला लागले की तुझी डावी भुवई वर जाते, मग मी बदलते. बरोबर आलं की तू ओठ मिटतेस. मला वाटायचं, मलाच येतंय."

मी कात्री खाली ठेवली. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, हे मला ठाऊक होतं. ऑफिसातली माणसं मला पत्ते खेळायला घेत नाहीत. पण मुलगी इतकी वर्षं तिथूनच वाचत असेल, हे कुणाच्या मनात येणार? आणि दीड महिन्यातले तीन आठवडे संपले होते. मी विचारलं, "आता काय करायचं?"

"आधी उरलेले केस काप," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने आतल्या खोलीतलं आपलं छोटं टेबल ओढत नेऊन भिंतीला लावलं. मला सांगितलं, "आता तू यायचं नाहीस. चहा द्यायलाही नाही."

तिने स्वतःच एक पद्धत ठरवली. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि त्याच्यावर बसायचं. खरंच बसायचं, म्हणजे बघायची लहर आली तरी उठावं लागेल. मग स्वतःलाच प्रश्न विचारून भिंतीला उत्तर सांगायचं, मोठ्याने. उत्तर झालं की पुढे एक शब्द जोडायचा, 'पक्कं' किंवा 'कच्चं'. मगच उठून पुस्तक उघडायचं. आदल्या दिवशी पक्कं ठरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारायचं. ते सकाळी कच्चं निघालं तर पुन्हा वाचायचं.

ऐकायला सोपं वाटतं. मला स्वयंपाकघरातून ऐकवत नव्हतं. आत ती भिंतीला सांगायची, "अमुक स्नायू, पक्कं," आणि ते चूक असायचं! पक्कं म्हणून चूक! पहिल्या दिवशी मी न राहवून पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

"आई! भांडी आपटायची नाहीत!" आतून आवाज आला. "तेही उत्तरच आहे!"

मग मी पाण्याचा नळ सोडून ठेवायला लागले, म्हणजे ऐकूच येऊ नये. तिचे बाबा येऊन मुकाट्याने तो बंद करायचे.

शिवाय ती आता कमी वेळ बसायची. थोडा वेळ भिंतीशी बोलायची, मग खाली जाऊन फेऱ्या मारून यायची, मग परत बसायची. आधी दिवसभर पुस्तकापुढे असायची, तेव्हा निदान माझ्या डोळ्यांना तरी बरं वाटायचं.

"एवढासाच अभ्यास?" मी एकदा विचारलं.

"आई, आधी मी अभ्यास नाही, बैठक करत होते," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. उत्तर द्यायला शिकली की पहिला प्रयोग घरच्यांवर होतो.

रोज जेवणानंतर प्रश्न विचारायचं काम तिने बाबांना दिलं. ते चष्मा नाकावर आणून पुस्तकातली नावं अशी वाचायचे, की तीही हसून लोळायची. खांद्यातल्या सुप्रास्पायनॅटस नावाच्या स्नायूला त्यांनी शेवटपर्यंत 'सुपारी' म्हटलं.

"ही सुपारी काय काम करते?"

"हात बाजूला उचलायला सुरुवात करून देते. पक्कं."

"बरं. पुढची सुपारी."

"बाबा, सगळ्या सुपाऱ्या नसतात!"

त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काही कळायचं नाही, कारण त्यांनाच काही कळायचं नाही. उत्तर झालं की ते पुस्तक तिच्या हातात द्यायचे, "बघ बाई तूच." मी दाराआडून बघायचे. 'कच्चं' हा शब्द अजून फार येत होता. दिवस तर नुसते पळत होते. पण एक गोष्ट मला दिसली. 'कच्चं' म्हणताना आता तिचे खांदे वर जात नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले, तर तिने टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये आणलं होतं आणि एका बाजूला स्वतःची खुर्ची ठेवली होती. दुसरी खुर्ची माझ्यासाठी.

"बस," ती म्हणाली. "आज तू एरंडेल सर व्हायचंस. मी बरोबर सांगितलं की तोंड वाकडं करायचं. चुकले की छान मान हलवायची."

"मला नाही जमणार गं."

"जमव. उद्या ते समोर असणारच आहेत."

माझ्या पोटात एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं कधी झालेलं नाही. पहिल्याच उत्तराला मी नाक मुरडलं तर ती खो खो हसली. "आई, सरांना वास नाही येत. नुसतं कपाळ." मग मी नुसतं कपाळ करायला शिकले. काठीचा प्रश्न विचारला. "डाव्या हातात," ती म्हणाली, आणि मी मुद्दाम कपाळाला आठी घातली. ती त्या आठीकडे बघत राहिली. मला वाटलं, आत्ताच आठी पुसून टाकावी आणि म्हणावं, बरोबर आहे बाळा, बरोबर आहे.

"डाव्या," ती परत म्हणाली. "पक्कं."

असं बराच वेळ चाललं. दोन ठिकाणी ती हलली, एकदा मी मान डोलावली म्हणून चुकीच्या उत्तरावर बसून राहिली. पण बाकीची टिकली. पुस्तकातले प्रश्न संपले, तेव्हा मी मनानेच एक विचारला. "कुबड्या घेऊन चालताना अंगाचा भार कुठे द्यायचा?"

"हातांवर."

माझी भुवई आपोआप वर गेली. या वेळी ते नाटक नव्हतं. कुबड्या काखेत धरतात, तर भार काखेतच असणार, एवढं तर कुणालाही कळतं. परीक्षा उद्यावर आली आणि हिला हे येत नाही! माझा चेहरा पांढरा पडला असणार. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी पडल्यावर बघायची तशी. नाटक कोणतं आणि खरं कोणतं, हे ओळखण्यात ती कधीच चुकलेली नाही.

"तुला खरंच वाटतंय मी चुकले," ती म्हणाली.



ती खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. "हातांवरच," ती म्हणाली. "काखेत भार दिला तर तिथली नस दबते आणि हात लुळा पडतो. पक्कं."

मी पुस्तक ओढून घेतलं, पान शोधलं. हातांवर. तिने पुस्तक बघायला मागितलंच नाही. "भूक लागलीय," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नको म्हणाली होती, तरी गेले. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात, भिंतीला टेकलेल्या बाकावर बसले. आत तेच सर होते. दार उघडझाप व्हायचं तेव्हा त्यांच्या चष्म्याची काडी आणि अर्धं कपाळ दिसायचं. टकमक आत गेली. दार लागलं. माझ्या शेजारी कुणाचे तरी वडील शेंगदाणे सोलत होते. ते मला पुढे करत होते आणि मी हात हलवून नको म्हणत होते.

ती बाहेर आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला काहीही कळलं नाही. गेली वीस वर्षं जो चेहरा मी उलटसुलट पाठ केला होता, तो नुसता एक दमलेला चेहरा होता.

"कशी गेली गं?"

"पाणी दे आधी."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, काठीचा प्रश्न आलाच नाही. जिन्याचा आला, मनगटाचा आला. जिन्याला सरांनी तोंड केलंच आणि विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "हो सर, नक्की."

"आणि मग?"

"मग पुढचा प्रश्न."

"बरोबर आहे असं काही म्हणाले?"

"आई, ते कुणालाच म्हणत नाहीत."

शेवटचा प्रश्न पाय मुरगळण्याचा होता. घोट्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट जास्त वेळा दुखावतं की बाहेरच्या? ती म्हणाली आतल्या. सरांनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. बाहेर आल्यावर कुणीतरी सांगितलं, बाहेरच्या. "ठामपणे चुकले," ती म्हणाली. याच एकावर गेलं तर? सगळी बरोबर उत्तरं टिकवली आणि नेमकं हे चुकीचंही टिकवलं!

निकाल त्याच दिवशी संध्याकाळी लागणार होता. तिचे बाबा कामावरून थेट तिथे आले, बोटांना ग्रीस तसंच. कार्यालयाबाहेर कागद लावला तेव्हा मी जागची उठले नाही. टकमकही उठली नाही. तेच गर्दीत शिरले आणि सावकाश, त्यांच्या नेहमीच्या चालीने, परत आले.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"नाव आहे."

"अहो, पण कोणत्या यादीत?"

"अगं, एकच यादी लावलीय. पास झालेल्यांची."

मी रडले. टकमकने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांना विचारलं, "मार्क?" ते म्हणाले, जेमतेम. ती "चालेल" म्हणाली.

पुढच्या सहामाहीत या मुलांना वॉर्डात पाठवतात. तिथे खरी माणसं असतात, खऱ्या काठ्या घेऊन. बस थांब्यावर उभं असताना मला तेच सुचायला लागलं, कारण माझ्या मनाला रिकामं राहता येत नाही.

"वॉर्डात असं ठामपणे चुकलीस तर काय करशील?" मी म्हटलं. "एखाद्याच्या पायाचा प्रश्न असतो गं."

"तिथे विचारता येतं आई," ती म्हणाली. "कच्चं असेल तर कच्चं म्हणायचं आणि मोठ्या मॅडमना विचारायचं. फक्त परीक्षेतच विचारता येत नाही."

"पण तुला पक्कंच वाटत असेल तर?"

तिने पिशवीतून पुस्तक काढलं, खांबाला टेकून घोट्याचं पान शोधलं, दोनदा वाचलं, मिटलं, आणि बस येईपर्यंत रस्त्याकडे बघत ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. मी शेजारी उभी होते. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून बस येते का ते बघत राहिले.